झाडाला फूल आलेले नाही

रविवार, १० जानेवारी १९३२. रत्नागिरी.

छापखान्यात कागद कापून उरलेल्या पट्ट्या मालकांनी मला नेऊ दिल्या. त्या शिवून ही वही केली. रोज लिहीन असे म्हणत नाही. लिहिण्याजोगे असेल तेव्हा लिहीन आणि शुद्ध लिहीन.

आज लिहिण्याजोगे आहे. लांज्याहून राहीच्या वडिलांचे पत्र आले. वैशाखात मुलगी देतो म्हणतात, पण 'मुलगी पडवीत नांदणार नाही. दार लागणारी खोली असेल तर कळवा, नसेल तर आम्हांस दुसरे स्थळ आले आहे.' पत्रात शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत, पण अर्थाची चूक एकही नाही.

मी पडवीतच राहतो. बंदराजवळ मांडवीत जनी आया म्हणून एक म्हातारी खारवीण आहे, तिच्या भाड्याच्या घराची ही पडवी. घरात दोन खोल्या. पुढच्या खोलीत ती राहते, रांधते, मिश्री लावते आणि कोपऱ्यात थुंकते. मागच्या खोलीला खिडकी नाही. तिथे कोणी माणूस राहत नाही, एक झाड राहते.

मी वहाणा उशाशी घेऊन पडवीत निजतो, आणि झाडाला खोली.

जनी पूर्वी एका इंजिनियर साहेबाच्या बंगल्यावर आया होती. त्यांचा मुलगा तिने जन्मल्यापासून आठ वर्षे वाढवला. सन १९२५ साली साहेब कायमचे विलायतेस गेले. जाताना मडमेने ही कुंडी तिच्या हाती दिली आणि सांगितले, 'हे जगव. ह्याला फूल आले की मला कळव, मी तुला न्यायला येईन.' सात वर्षे झाली. म्हातारी अजून तयारीत आहे. तिची ट्रंक भरलेली आहे. मी स्वतः पाहिली आहे, तिच्यात लोकरीचे मोजे आहेत.

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला म्हणून झाडाची कामे माझ्याकडे आली. दर रविवारी पाने पुसायची, आठ दिवसांनी एक पेला पाणी द्यायचे, आणि दर महिन्याच्या एक तारखेला मडमेस पत्र लिहायचे. त्या बदल्यात पडवी.


रविवार, १७ जानेवारी.

पाने पुसली. सतरा आहेत. खोड नाही, फांदी नाही. मातीतून सरळ पानेच निघतात, हळदीच्या पानांसारखी लांब, पण हळदीच्या पानाला वास तरी असतो. ह्याला कसलाच वास नाही. हाताला गार लागतात, मेलेल्या जनावराच्या कानासारखी. वाढते की नाही कळत नाही. मरत तर नाहीच. अंधारात नुसते उभे असते. दिवा घेऊन आत गेलो की वाटते, इतका वेळ ते माझ्याकडेच पाहत होते.

मडमेने नेम घालून दिले आहेत. म्हातारी ते रामरक्षेसारखे म्हणते. ऊन नको. पाणी थोडे. पाने पुसायची. मातीला कोणी हात लावायचा नाही.

शेवटचा नेम ती स्वतः मोडते. दर शनिवारी दिवेलागणीला ती कुंडीपाशी बसते आणि बोटे मातीत घालते. पानांच्या बुडाशी सावकाश चाचपते, कोंबडीखाली अंडे आहे का पाहावे तशी. मग तीच बोटे लुगड्याला पुसून भाकरी थापायला बसते. मी शनिवारी भूक नाही म्हणून सांगतो.


सोमवार, १ फेब्रुवारी.

पत्राचा दिवस. म्हातारी मिश्री लावून बसली होती. बोलताना काळी थुंकी ओठाच्या कोपऱ्यावर येते. मी कागदाकडेच पाहत राहिलो.

"लिही मास्तर. मेमसाबना जनी आयाचा सलाम. बाबाला पापा."

मी मास्तर नाही. मराठी सहावी झालो आणि फायनलला नापास झालो. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो. पण लिहिता येते म्हणून मांडवीत सगळे मास्तरच म्हणतात.

"बाबा आता पंधरा वर्षांचा असेल, मावशी. पापा काय लिहायचा?"

"पंधरा झाला म्हनून गाल गेला काय त्याचा? लिही. झाड खुशाल हाय."

"लिहिले."

"झाडाला फूल आलेलं नाय."

"दर महिन्याला हेच. शंभर प्रती छापून ठेवू का?"

"छाप. तारीख तेवढी कोरी ठेव."

इतके बोलून ती तोंडावर पदर घेऊन हसली. मला हसू आले नाही. मी लिहिले, 'झाडाला फूल आलेले नाही.' ती नाय म्हणते, मी नाही लिहितो. एवढाच काय तो बदल मी करतो. छापखान्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात, मजकूर येईल तसा लावायचा, आपल्या मनचे अक्षर घालायचे नाही.

मडमेला मराठी बोलता येत असे, वाचता येत असे का, हे म्हातारीला ठाऊक नाही. पत्ता इंग्रजीत आहे, एका पिवळ्या चिठ्ठीवर. मी एकेक अक्षर खिळ्यासारखे उचलून ठेवतो. काय लिहितो ते मला कळत नाही, पण चुकत नाही. सात वर्षांत एकदाच उत्तर आले, पहिल्या नाताळात. बर्फात बसलेल्या लाल छातीच्या पाखराचे चित्र. ते तिने देवांशेजारी लावले आहे आणि त्यालाही हळदकुंकू वाहते. पाखराचे डोळे कुंकवाने बुजले आहेत.

मी विचारले, "तुम्ही गुहागरला भाच्याकडे का जात नाही?"

"आनि मेमसाब आल्या नि दाराला कुलूप दिसलं तर?"


रविवार, ७ फेब्रुवारी.

गुहागरहून तिचा भाचा भिवा मचवा घेऊन आला होता. सोबत सुकट. घर दोन दिवस घाण मारणार.

भिवा मोठ्या आवाजाचा माणूस आहे. उंबऱ्यातूनच म्हणाला, "आत्ये, हौसा परत पोटुशी हाय. घरात वडील माणूस नको काय? चल."

"तुज्या पोरांस वाढवायला मी कशाला? आपसूक वाढतायत ती."

"विलायती पोर वाढवलंस ते काय सोन्याचं होतं?"

"ते रडायचं नाय." सुकटीची टोपली पुढे ओढून म्हणाली, "मी जवळ असले की."

भिवाने झाडाकडे बोट दाखवले. "ह्या पाल्यापायी गावची मानसं सोडलीस तू."

"मेलं तर येईन," म्हातारी म्हणाली. "देवाशपत येईन. जितं हाय तवर नाय."

निघताना भिवाने मला बंदरापर्यंत नेले. "मास्तर, कसलं झाड ता? हळदीसारख्या पातोळ्या तरी होतात काय पानांवर?"

"नाही."

"मग कशाला ठेवायचं?" मचव्यात पाय टाकून तो म्हणाला, "आत्ये आली की खोल्या तुमच्याच. घरमालकाशी मी बोलतो. लगीन हाय ना तुमचं?"

रात्रभर तिचे शब्द डोक्यात होते. मेलं तर येईन.


मंगळवार, ९ फेब्रुवारी.

पाणी द्यायचा दिवस. दिले नाही. पेला भरून मागच्या दारी ओतला आणि रिकामा पेला कुंडीपाशी ठेवला, म्हणजे तिला तो हाताला लागेल.

हे लिहून ठेवतो, कारण कुठेतरी खरे लिहिलेले असावे. मी चोरी करीत नाही, कोणाला इजा करीत नाही. एक निरुपयोगी वनस्पती आपणहून सुकेल. म्हातारी आपल्या माणसांत जाईल, दोन वेळा गरम जेवेल. राहीला दार लागणारी खोली मिळेल. ह्यात वाईट कोणाचे?

तरी पेला दोनदा पुसून ठेवला. पुसणाऱ्या हाताचीच शिसारी आली.


रविवार, २१ फेब्रुवारी.

अठरा-वीस दिवस पाण्याचा थेंब नाही. आज पुसायला गेलो तर दोन नवी पाने. छत्री मिटावी तशी गुंडाळलेली, टोकदार, ओलसर. एकोणीस झाली.

गावच्या घरी आई तुळशीला रोज तांब्याभर पाणी घालते, तरी आई दोन दिवस परगावी गेली की तुळस मान टाकते. चांगल्या झाडाची रीत अशी असते. लाज असते त्याला. ह्याला न घातल्या पाण्याचे बाळसे चढते आहे.

किनाऱ्यावरून एक तांब्या समुद्राचे पाणी आणून ओतले.


सोमवार, २९ फेब्रुवारी.

खारे पाणी तीनदा झाले. पाने हिरवीगार.

छापखान्यांवरच्या सरकारी वटहुकुमाच्या भीतीने मालक लग्नपत्रिका आणि आरत्यांखेरीज काही घेत नाहीत. आज लांज्याच्याच एका घराची पत्रिका माझ्या हाती आली. मुलीचे नाव आधी शोधले. राही नव्हती.

घरी येताना बाटलीत थोडे घासलेट आणले. मातीत चार थेंब टाकले. उद्या पुन्हा चार. एकदम नको, वास येईल. मग उद्याचे पत्र आजच लिहून ठेवले. झाड खुशाल आहे. झाडाला फूल आलेले नाही. घासलेटाच्या हातांनीच लिहिले.


रविवार, ६ मार्च.

काल फार किळसवाणा प्रकार झाला.

म्हातारी बाजारातून येण्याआधी दिवा घेऊन मागच्या खोलीत गेलो. थेंब टाकायला माती उकरली तर पानांच्या बुडाशी काहीतरी वर आले होते. अर्धे मातीत, अर्धे बाहेर. देठ जवळजवळ नाहीच. रंग मळकट जांभळा, मार बसून साकळलेल्या रक्तासारखा. मांसल. वरचे तोंड उघडून त्याच्या आठ फाका झालेल्या, आणि आत फिकट गादीसारखे काहीतरी. दोन चिलटे त्याच्यावर फिरत होती. मी दिवा लांब धरला. घासलेटाने मुळे सडून ही भूछत्री उगवली असावी. म्हणजे उपाय लागू पडतो आहे, असेही मनात आले.

झाडूचा हीर घेऊन ते उखडले, कागदावर धरले आणि मागच्या उकिरड्यावर टाकले. साबणाने हात तीनदा धुतले.

दिवेलागणीला म्हातारी नेहमीसारखी कुंडीपाशी बसली. बोटे मातीत गेली. फिरली. पुन्हा फिरली. इतका वेळ ती कधी चाचपत नाही.

"मास्तर, माती कोनी हलवली?"

"मी. साफ केली. बुरशी आली होती."

"कसली बुरशी?"

"जांभळी. घाण होती."

"टाकलीस?"

"उकिरड्यावर."

तिने बोटे लुगड्याला पुसली. भाकरी थापली नाही. पोटात दुखते म्हणाली. मला वाटले, घासलेटाचा वास आला असेल.

आज पहाटे उठलो तर म्हातारी मागच्या दारी उकिरड्यावर बसलेली. दोन्ही हात राखेत आणि माशांच्या खवल्यांत घालून चाचपत होती. भोवती कावळे. मी विचारले, काय पडले? म्हणाली, "काय नाय." डोळे गेले की माणसाला कशाचेच भान राहत नाही. तसेच हात घेऊन ती चुलीकडे गेली. मी आज चहासुद्धा घेतला नाही.


रविवार, १३ मार्च.

म्हातारीने माळ्यावरून बिस्किटांचा डबा काढून दे म्हणून सांगितले. मडमेच्या घरचा आहे, झाकणावर राणीचे चित्र. काढताना झाकण सुटले. आत एक रेशमी रुमाल आणि रुमालात सहा वाळलेल्या वस्तू. काळपट, सुरकुतलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या.

आधी वाटले कोळंबी. मग वाटले नाळ. जन्मलेल्या मुलाची वाळलेली नाळ जपून ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. साहेबाच्या पोराची हिने ठेवली असेल. पण एका पोराला सहा नाळी नसतात.

म्हातारीने डबा मांडीवर घेतला आणि बोटांनी एकेक मोजले. सहावर थांबली. पुन्हा पहिल्यापासून मोजले. मी झाकणावरच्या राणीकडे पाहू लागलो.

लांज्याचे दुसरे पत्र. 'खोलीचे काय ते शिमग्यापर्यंत कळवावे.' शिमग्याला नऊ दिवस उरले. झाड तसेच आहे.


रविवार, २७ मार्च.

शिमगा झाला. मी लांज्याला 'खोली जवळजवळ ठरली' असे कळवले. जवळजवळ हा शब्द मी दोनदा खोडून पुन्हा लिहिला.

आज धीर करून बंगल्यांकडे गेलो. साहेबाच्या वेळचा माळी भागोजी अजून तिथेच कामाला आहे, असे भिवाने एकदा सांगितले होते. पायरीवर विडी ओढत बसला होता. मी म्हटले, जनी आयाकडे बिऱ्हाडाला आहे. झाड बरे दिसत नाही. असे झाड कशाने मरते, ते समजले तर काळजी घेता येईल.

त्याने विडी पायरीवर विझवली.

"मरत नाय ता," म्हणाला. "साहेब लोक त्याला लोखंडाचं झाड म्हनायचे. काळोख द्या, पानी नका देऊ, इसरून जा, तरी जगतं. घासलेट पिऊनशान पन जगेल."

मी खाली पाहिले. माझ्या हाताला वास येतो की काय कोण जाणे.

"मुळाशी सडले आहे," मी म्हटले. "जांभळी बुरशी आली होती. आठ फाकांची."

भागोजी हसू लागला. हसता हसता खोकला. "अरे मास्तरा, ता फूल."

मला समजले नाही. त्याने पायरीवर बोटाने काढून दाखवले. "मातीतच येतं. वर येत नाय. शिमग्याच्या सुमाराला, दरसाल. पानं बघनाऱ्याला दिसायचं नाय. साहेब लोकांना वाटायचं ह्याला फूलच नाय. 'ह्या झाडाला फूल येईल तवा' असं थट्टेत बोलायचे ते. एखादी गोष्ट व्हायची नसली की असं बोलायचे."

"मग तुम्हांला कसे ठाऊक?"

"जनीनंच दाखवलं की. बाई जायच्या आधी एक साल. खेळताना पोराच्या मागनं रांगत होती, तवा तिला दिसलं. मना हाक मारलीन, म्हनाली, भागोजी, बग, अगो बाय, केवढं लपून बसलंय."

म्हणजे मडमेने थट्टा केली तेव्हा जनीला माहीत होते. फूल येते हे माहीत होते. वर्षाच्या आत विलायतेला जाईन, असेच तिला वाटले असणार. आणि दर शिमग्याला फूल आले, आणि दर महिन्याला तिने मला आणि माझ्या आधीच्या बिऱ्हाडकरूला सांगितले, लिही, फूल आलेले नाही.

म्हातारी खोटारडी आहे की वेडी आहे, हे मला ठरवता येत नाही. आणि डब्यात सहा. त्या वाळक्या वस्तूंना मी नाळ समजलो होतो. लिहितानाही लाज वाटते.


शुक्रवार, १ एप्रिल.

पत्राचा दिवस. सकाळपासून ठरवत होतो की विचारायचे नाही. कागद घेऊन बसलो. म्हातारीने आज मिश्री लावली नव्हती. तोंड धुतलेले होते.

मी नेहमीचे लिहायला घेतले आणि फुलाच्या ओळीपर्यंत आल्यावर हात थांबला.

"पुढं लिही," ती म्हणाली.

"मावशी, मी भागोजीकडे गेलो होतो."

"ठावं हाय. कालच आला होता तो. सांगून गेला." ती भिंतीला टेकली. "डोळे गेलेत मास्तर, नाक नाय गेलं. महिनाभर घासलेट घालतोस. आधी समुद्राचं पानी. त्या वासानं मना नीज नाय."

मला वाटले, आता हाकलून देईल. हातातला टाक कागदावर टेकून डाग पडला. पत्र फाडून दुसरा कागद घ्यावा लागला.

मग मी विचारले, "फूल येत होते तर का नाही लिहिले?"

"पयल्या साली आलं तवा पत्र लिवून घेतलं. पोष्टापर्यंत गेले. पेटीत हात घातला." तिने हात पुढे केला, जणू पेटी समोरच आहे. "मग वाटलं, पत्र गेलं नि त्या नाय आल्या तर?"

"तर काय?"

"तर मग मी कोनाची वाट बगू?"

मी टाक दौतीत बुडवला. ती पुढे म्हणाली, "म्हनून खुडलं नि डब्यात ठेवलं. म्हटलं, फुडल्या साली लिवू. फुडल्या साली पन तेच. सहा हाईत. सातवं तू उकिरड्यावर टाकलंस. कावळे घेऊन गेले."

"मला माहीत नव्हते."

"ठावं हाय. त्यात तुजं काय नाय." तिने विचारले, "तुज्या व्हनाऱ्या बायकोचं नाव काय?"

"राही."

"मना आधी सांगितलं असतंस तर? झाडाला कशाला पाजलंस ता? ते मुकं हाय." मग तिने पदर नीट केला आणि सरळ बसली. "लिही आता. मेमसाबना जनी आयाचा सलाम. बाबाला पापा. झाड मेलं."

मी लिहिले नाही. मागच्या खोलीत वीस पाने उभी होती. विसावे मीच रविवारी मोजले होते.

"लिही ना. मजकूर मी सांगनार, तू लावनार. तूच म्हनतोस."

'झाड मेले.' अक्षरे नेहमीपेक्षा सुबक आली. एवढे धडधडीत खोटे मी कधी इतके शुद्ध लिहिले नव्हते. पत्ता उतरवला, घडी घातली, पेटीत टाकले. पेटीत हात घातला तेव्हा आत लोखंड गार होते. परत येऊन चूळ भरली, तरी तोंडाची चव गेली नाही.


रविवार, १७ एप्रिल.

जनी आज गेली. भिवा मचवा घेऊन आला होता. ट्रंक, डबा, पाखराचे चित्र. कुंडीला तिने हात लावला नाही.

भिवा म्हणाला, "आत्ये, मेलं ना झाड? मग ता काय दिसतंय मागं?"

"मढं हाय," ती म्हणाली. "मास्तर टाकनार हाय."

बंदरावर मी तिला हाताला धरून उतरवले. तिची बोटे कोरडी आणि खरखरीत होती. मी त्यांना इतके दिवस घाबरत होतो. मचव्यात बसल्यावर म्हणाली, "पानी थोडं."

"बरे."

"नि विलायतेचं पत्र आलं तर मना धाडू नको. वाचून घेऊ नको कोनाकडनं."

"मग काय करू?"

ती हसली. तिचे काळे दात उन्हात दिसले. "आलं तर ना?"

भिवाने घरमालकाशी बोलून खोल्या माझ्या नावावर करून दिल्या. मी लांज्याला कळवले, 'खोली ठरली.' जवळजवळ लिहिले नाही. आनंद व्हायला हवा होता. रिकाम्या घरात मिश्रीचा वास आणि ते झाड.


रविवार, २९ मे.

लग्न झाले. राही घरात आली त्या दिवशी तिने दोन्ही खोल्या शेणाने सारवल्या, कोपरे राखेने घासले, आणि मागच्या खोलीत जाऊन विचारले, "ह्ये कशाला? हळद हाय काय?"

"नाही."

"पूजेला चालतं?"

"नाही."

"मग? घान वाटतं. अंधारात बसलेल्या मानसासारखं वाटतं. टाकून द्या ना."

तिचे म्हणणे बरोबर आहे. मलाही घाणच वाटते. नुसते पुसायचे म्हटले तरी अंगावर काटा येतो. मी म्हटले, राहू दे. पाने मी पुसत जाईन, तू मातीला हात लावू नको.

"का?"

"नेम आहे."

तिने माझ्याकडे पाहिले, मी म्हातारीकडे पाहत असे तसे.


गुरुवार, ९ जून.

आज छापखान्यात पोस्टमनने पत्र आणून दिले. जनीच्या नावाचे, पण ती गुहागरला गेल्याचे त्याला ठाऊक. विलायतेचे तिकीट. सात वर्षे झाड खुशाल होते तेव्हा त्या एका पाखराच्या चित्राखेरीज काही आले नाही. मेल्यावर लगेच लिहिले.

मालकांना इंग्रजी येते. ते म्हणाले, "आणा, वाचून दाखवतो." मी म्हटले, नको. त्यांना नवल वाटले. मला कुठलाही कागद तपासल्याशिवाय चैन पडत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. दिवसभर पत्र खिशात होते. उजेडाकडे धरले असते तर एखादे अक्षर दिसले असते. धरले नाही. पाकीट पातळ होते. एकच कागद असावा, तोही छोटा.

घरी आल्यावर राही म्हणाली, "कुनाचं?"

"म्हातारीचे."

"मग गुहागरला धाडा."

"तिने नको म्हटले आहे."

मागच्या खोलीत गेलो. पाने एकवीस. कुंडी दोन्ही हातांनी उचलली. खाली एक बोट लांबीची गोगलगाय चिकटली होती आणि ओला काळा चिखल. किळस आली. गोगलगाय काडीने दूर केली, पत्र घडी न घालता त्या चिखलावर ठेवले आणि वर कुंडी टेकवली. ह्या हवेत आठवड्यात बुरशी धरेल, गणपतीपर्यंत एक अक्षर उरणार नाही.

मग पेलाभर पाणी दिले. पाणी देण्याचा दिवस मंगळवार, पण आज दिले.

साबणाने हात तीनदा धुतले.